‘हरित ग्राहक’ या संकल्पनेची चिकित्सा : नांदुरा परिसराच्या संदर्भात

सारांश

पर्यावरणपूरक वस्तूंची निवड ग्राहक कोणत्या प्रेरणेने करतो, हा प्रश्न वाणिज्य, अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि गृहअर्थशास्त्र या विषयांच्या अभ्यासकांनी गेल्या दोन दशकांत वारंवार हाताळला आहे. महाविद्यालयीन स्तरावरील अशा बहुतेक अभ्यासांचा निष्कर्ष ‘जागरूकतेचा अभाव’ आणि शिफारस ‘जनजागृती’ अशी असते. प्रस्तुत लेखात या मांडणीची चिकित्सा केली आहे. प्रश्नावलीतून हाती येते ती व्यक्त झालेली वृत्ती. प्रत्यक्ष निवड मात्र किंमत, उपलब्धता, पाणी, रूढी, विश्वासार्हता आणि कायदा यांनी घडते. शिवाय ‘हरित उत्पादन’ या व्याख्येत केवळ विकत घेण्याजोगी वस्तूच बसत असल्यामुळे, काटकसरीतून होणारे पर्यावरणरक्षण आपल्या अभ्यासात मोजलेच जात नाही, हे नांदुरा परिसराच्या संदर्भात दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

बीजशब्द : हरित ग्राहक, वृत्ती व कृती, पुनर्वापर, पर्यावरणचिन्ह, प्लॅस्टिकबंदी, खारपाणपट्टा.

प्रस्तावना

बुलडाणा जिल्ह्यातील नांदुरा हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील आणि राष्ट्रीय महामार्गावरील तालुक्याचे गाव. आसपासचा प्रदेश कापसाचा. तालुक्यातून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला. येथील ग्राहक एकाच वेळी आठवडी बाजाराचा, किराणा दुकानाचा आणि आता भ्रमणध्वनीवरून मागणी नोंदविण्याचाही ग्राहक आहे. ‘हरित ग्राहक’ ही संकल्पना ज्या समाजात घडली, तेथे मोठ्या दालनात एकाच प्रकारच्या दहा वस्तू शेजारी शेजारी मांडलेल्या असतात आणि ग्राहक त्यांतून एक उचलतो. तालुक्याच्या गावी असे दृश्य अपवादानेच दिसते. तरीही आपल्या प्रश्नावल्या मात्र त्याच दालनासाठी तयार झालेल्या असतात. या विसंगतीपासून प्रस्तुत चिकित्सेला प्रारंभ करणे इष्ट होईल.

खरेदी ही नैतिक कृती असू शकते, हा विचार मराठी समाजाला नवा नाही. ‘सार्वजनिक काका’ या नावाने परिचित असलेल्या गणेश वासुदेव जोशी यांनी १८७० च्या दशकात स्वदेशी वस्तूंच्या वापराचा पुरस्कार केला आणि १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते खादी परिधान करून उपस्थित राहिले. पुढे १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या चळवळीने आणि गांधीयुगातील खादीने हा विचार घरोघरी नेला. तथापि स्वातंत्र्यानंतर हीच खादी विकण्यासाठी शासनाला गांधी जयंतीच्या सुमारास किमतीत सूट द्यावी लागली, हेही तितकेच बोलके आहे. तत्त्वाने प्रेरित होणारा ग्राहक असतो. परंतु तत्त्वाच्या बळावर बाजार दीर्घकाळ चालत नाही, हा आपल्याच इतिहासातील धडा होय.

प्रचलित अभ्यासपद्धतीची चिकित्सा

महाविद्यालयीन नियतकालिकांतून प्रसिद्ध होणाऱ्या या विषयावरील शोधनिबंधांचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. शंभर-दोनशे उत्तरदाते सोयीने निवडले जातात. त्यांत विद्यार्थी आणि नोकरदार यांचा भरणा अधिक असतो. ‘पर्यावरणपूरक वस्तूसाठी अधिक किंमत मोजण्यास आपण तयार आहात काय?’ यासारखे प्रश्न विचारले जातात. उत्तरांवर काय-वर्ग कसोटी लावली जाते. शिक्षण आणि जागरूकता यांत संबंध आढळतो, आणि शेवटी शासनाने, स्वयंसेवी संस्थांनी व माध्यमांनी जनजागृती करावी असे सुचविले जाते. या साच्यात तीन मूलभूत दोष आहेत.

पहिला दोष वृत्ती आणि कृती यांची गल्लत हा होय. रिचर्ड लापिएर या समाजशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे आठवावा. एका चिनी दांपत्यासह अमेरिकेत प्रवास करताना २५१ उपाहारगृहे व निवासस्थाने यांपैकी केवळ एका ठिकाणी त्यांना प्रवेश नाकारला गेला. परंतु पुढे त्याच ठिकाणांना पत्राने विचारणा केली असता, उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी चिनी पाहुणे स्वीकारणार नाही असे कळविले. विषय वेगळा असला तरी बोध स्पष्ट आहे : कागदावरील उत्तर म्हणजे दारातील वर्तन नव्हे. हरित खरेदीत ही तफावत उलट दिशेने दिसते. कॅथरिन व्हाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उद्धृत केलेल्या एका पाहणीत सुमारे ६५ टक्के ग्राहकांनी शाश्वततेचा पुरस्कार करणारी उत्पादने घेण्याची इच्छा व्यक्त केली. प्रत्यक्षात घेणारे सुमारे २६ टक्केच होते. आपल्याकडे तर प्रश्न विचारणारे बहुधा प्राध्यापक आणि उत्तर देणारे त्यांचेच विद्यार्थी असतात. अशा वेळी ‘होय’ हे उत्तर पर्यावरणाविषयीचे आहे की गुरुजनांविषयीच्या आदराचे, हे सांगणे कठीण होते.

आइसेक आयझेन यांचा १९९१ मधील नियोजित वर्तनाचा सिद्धान्त अशा निबंधांतून हमखास उद्धृत केला जातो. परंतु त्या सिद्धान्तात वृत्तीबरोबरच सामाजिक दंडक आणि ‘हे करणे माझ्या हाती आहे काय’ याविषयीची जाणीव हे दोन घटक तेवढ्याच महत्त्वाचे आहेत. आपल्या प्रश्नावल्या पहिल्या घटकावर रेंगाळतात आणि उरलेल्या दोहोंना एखादा प्रश्न देऊन मोकळ्या होतात. जेथे वस्तू दुकानात मिळतच नाही, तेथे हा तिसरा घटकच निर्णायक ठरणार, हे उघड आहे.

दुसरा दोष अज्ञानाच्या मोजमापाचा. ‘इकोमार्क हे चिन्ह आपणांस ठाऊक आहे काय?’ हा प्रश्न अनेक प्रश्नावल्यांत असतो आणि नकारार्थी उत्तरांवरून ग्राहकाला अनभिज्ञ ठरविले जाते. मातीच्या माठाचे बोधचिन्ह असलेली ही योजना केंद्र शासनाने १९९१ मध्ये सुरू केली. साबण, कागद, रंग अशा अनेक वर्गांसाठी निकष ठरले. परंतु ते चिन्ह घेण्यास फारच थोडे उत्पादक पुढे आले. अखेर २०२४ मध्ये नव्या नियमांनी जुन्या योजनेची जागा घेतली. जे चिन्ह तीन दशके दुकानातील वस्तूंवर क्वचितच दिसले, ते ओळखता न येणे हा ग्राहकाचा दोष कसा मानावा? येथे उत्पादकाची उदासीनता ग्राहकाच्या खात्यावर मांडली गेली आहे.

तिसरा दोष सर्वांत गंभीर, कारण तो आपल्या व्यवसायाशी निगडित आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ मधील निर्देशानंतर आणि पुढील पाठपुराव्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरासाठी पर्यावरण अभ्यासाचा सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम तयार केला. २००४ पासून तो विद्यापीठांतून लागू होत गेला. म्हणजे दोन दशकांतील पदवीधरांच्या पिढ्या हा विषय उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या आहेत. जागरूकता हेच निवडीचे प्रमुख कारण असते, तर या पदवीधरांच्या बाजारहाटात आणि इतरांच्या बाजारहाटात ठळक फरक दिसावयास हवा होता. तो शोधण्याचा प्रयत्न न करता पुन्हा जनजागृतीचीच शिफारस करणे म्हणजे औषधाचा गुण न तपासता मात्रा वाढविण्यासारखे आहे.

वस्तू की वापर?

‘पर्यावरणपूरक उत्पादन’ या शब्दप्रयोगात पर्यावरणपूरकता वस्तूच्या अंगी असते असे गृहीत धरलेले आहे. कापडी पिशवीचे उदाहरण घेतल्यास हे गृहीतक टिकत नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जीवनचक्र अभ्यासानुसार, तेथील दुकानांत मिळणाऱ्या साध्या प्लॅस्टिक पिशवीच्या तुलनेत नव्या सुती पिशवीचा हवामानावरील भार भरून निघण्यास ती किमान ५२ वेळा वापरावी लागते. सर्व पर्यावरणीय निकष एकत्र धरल्यास ही संख्या सुमारे ७,१०० वर जाते. सेंद्रिय कापसाच्या पिशवीसाठी हेच आकडे अनुक्रमे १४९ आणि सुमारे २०,००० आहेत, कारण सेंद्रिय शेतीत तेवढ्याच कापसासाठी अधिक जमीन लागते असे तेथे धरले आहे. उघड्यावर पडणाऱ्या कचऱ्याचा विचार मात्र त्या अभ्यासात नाही. तुंबलेली गटारे आणि प्लॅस्टिक खाऊन दगावणारी जनावरे हा आपल्याकडील प्रश्नाचा मोठा भाग असल्यामुळे ते आकडे येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही त्यांतील मुख्य विचार आपल्या उपयोगाचा आहे. आठवडी बाजारास नियमित नेलेली पिशवी वर्षभरात ५२ वेळा वापरली जाते. दोन महिन्यांत फेकलेली सुती पिशवी ‘हरित’ नसते, आणि दहा वर्षे टिकलेली कोणतीही पिशवी बहुधा ‘हरित’ ठरते.

या दृष्टीने वऱ्हाडातील घराकडे पाहावे. जुन्या लुगड्याची वा पँटच्या कापडाची शिवलेली पिशवी, धान्याच्या पोत्याचा पुनर्वापर, जुन्या कपड्यांची वाकळ, रद्दीवाल्याकडे जाणारा कागद, शिंप्याकडून उलटवून घेतलेली कॉलर, पिण्याच्या पाण्याचा माठ हे सारे व्यवहार पर्यावरणावर कमीत कमी भार टाकतात. पिशवी जुन्या कापडाची असल्यास कापूस पिकविण्याचा भार तिच्यावर नव्याने येतच नाही. परंतु यांतील एकही व्यवहार प्रश्नावलीच्या ‘हरित खरेदी’ या सदरात बसत नाही, कारण त्यात खरेदीच नाही. परिणामी, मोठ्या शहरात सेंद्रिय कापसाची छापील पिशवी विकत घेणारी व्यक्ती ‘हरित ग्राहक’ ठरते आणि आईच्या लुगड्याची पिशवी घेऊन बाजाराला जाणारी नांदुऱ्याची गृहिणी ‘जागरूकता कमी’ या रकान्यात जाते. ज्ञानाच्या नावाखाली होणारा हा अन्याय आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होऊ नये.

अर्थात काटकसरीचे उदात्तीकरणही टाळले पाहिजे. हे व्यवहार बव्हंशी गरजेतून आलेले आहेत. हाती पैसा आल्यावर ते टिकतात असे नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीचे आकर्षण केवळ आळसातून आलेले नाही. ओली भाजी, दही, मासळी तिच्यातून गळत नाही आणि ती ग्राहकाला फुकट मिळते. म्हणूनच संशोधनाचा खरा प्रश्न ‘लोक हरित वस्तू का घेत नाहीत?’ हा नसून ‘जे हरित व्यवहार होते ते कोणत्या टप्प्यावर, कोणत्या कारणाने सुटले?’ हा असावयास हवा.

निवडीमागील वास्तव प्रेरणा

प्रत्यक्ष निवड घडविणाऱ्या घटकांत किंमत अग्रस्थानी आहे. ‘उजाला’ योजनेचे उदाहरण याबाबत पुरेसे आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी करण्यात आली. २०१४ च्या प्रारंभी शासकीय खरेदीत एका दिव्याला सुमारे ३१० रुपये पडत. २०१६ पर्यंत ही किंमत सुमारे ३८ रुपयांवर आली. ग्राहकाला दिवा सुमारे ७० रुपयांत मिळू लागला आणि देशभरात ३६ कोटींहून अधिक दिवे वितरित झाले. साठ वॅटच्या जुन्या दिव्याऐवजी नऊ वॅटचा दिवा लावणाऱ्या कुटुंबाने कर्बउत्सर्जनाचा विचार केला असेलच असे नाही. त्याने वीजबिल पाहिले. पर्यावरणाचा लाभ मात्र तेवढाच झाला. आयर्लंडने २००२ मध्ये प्रत्येक प्लॅस्टिक पिशवीवर १५ सेंट आकार बसविला तेव्हा दरडोई वापर वर्षाला अंदाजे ३२८ पिशव्यांवरून २१ वर आला. तेथील नागरिक एका रात्रीत पर्यावरणनिष्ठ झाले नव्हते. फुकट मिळणारी वस्तू विकत झाली होती.

दुसरा घटक स्थानिक परिस्थितीचा. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर वातानुकूलन यंत्राच्या मानाने फारच कमी वीज घेतो. येथील ग्राहक तो निवडतो, कारण तो स्वस्त आहे आणि कोरड्या हवेत चांगले काम करतो. परंतु कूलरला पाणी लागते, आणि खारपाणपट्ट्यातील भूजल क्षारयुक्त असल्यामुळे ताट्यांवर क्षारांचे थर बसतात. पिण्याच्या पाण्याचेही तसेच. जेथील पाणी खारट, तेथे शुद्ध पाण्याचा जार विकत घेणे ही चैन नसून निकड असते. शुद्धीकरणात वाया जाणारे पाणी आणि वाहतुकीचा भार यांचा दोष त्या ग्राहकाला देता येत नाही. येथे निवड दुकानात होत नाही. ती पाणीपुरवठा योजनेच्या नळावर आधीच होऊन गेलेली असते.

तिसरा घटक सामाजिक दंडक. गोल्डस्टाइन, चाल्डिनी व ग्रिस्केव्हिशियस यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हॉटेलमधील टॉवेल पुन्हा वापरावेत यासाठी पर्यावरणरक्षणाचे आवाहन केले असता सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी प्रतिसाद दिला. ‘बहुसंख्य पाहुणे पुन्हा वापरतात’ एवढे सांगितल्यावर हे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांवर गेले. आपल्याकडे लग्नाच्या वा भंडाऱ्याच्या पंगतीत हीच प्रेरणा कार्य करते. पळसाच्या पत्रावळीची जागा थर्मोकोलच्या ताटांनी घेतली, ती केवळ किमतीमुळे नव्हे. नवे ताट मानाचे वाटू लागले होते. ज्या दिवशी गावातील प्रतिष्ठित घर पत्रावळीवर पंगत वाढील, त्या दिवशी भित्तिपत्रकांपेक्षा अधिक काम होईल.

या ठिकाणी आपणही आपल्या आचाराकडे पाहणे योग्य ठरेल. पर्यावरणविषयक चर्चासत्राच्या प्रवेशद्वारावर फ्लेक्सचा फलक, व्यासपीठावर पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या, पाहुण्यांना आवेष्टित पुष्पगुच्छ आणि प्रत्येक प्रतिनिधीला नवी कोरी पिशवी, हे चित्र दुर्मीळ नाही. विद्यार्थी बीजभाषणापेक्षा हा दंडक अधिक लवकर आत्मसात करतात.

चौथा घटक विश्वासार्हतेचा. सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या धान्याची व गुळाची खरेदी प्रायः आरोग्याच्या काळजीतून होते आणि ओळखीच्या शेतकऱ्यावरील विश्वासावर टिकते. प्रमाणपत्राचा आधार दूरच्या बाजारात लागतो. पण तोही डळमळीत होऊ शकतो. २०२० मध्ये सेंद्रिय वस्त्रांच्या जागतिक प्रमाणनसंस्थेने भारतातील सुमारे २०,००० टन कापसाच्या बाबतीत बनावट व्यवहार उघड केले. कापूसपट्ट्यातील आपणांस ही बाब विशेष लागणारी आहे, कारण अशा प्रकाराचा फटका प्रामाणिकपणे सेंद्रिय कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यालाच बसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, ती या पार्श्वभूमीवर स्वागतार्ह आहेत. ‘हरित’, ‘नैसर्गिक’, ‘पर्यावरणस्नेही’ असे शब्द वापरणाऱ्याने पुरावा द्यावा, ही त्यांची भूमिका जबाबदारी ग्राहकाकडून उत्पादकाकडे नेते.

कायदा आणि पर्यायांचा प्रश्न

२००५ च्या मुंबईतील महापुरानंतर महाराष्ट्राने २००६ च्या नियमांनी ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिक पिशव्या आणि थर्मोकोलची ताटे-वाट्या यांवर व्यापक बंदी आली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये आणि तिसऱ्यास २५,००० रुपये व तीन महिन्यांचा कारावास अशी तरतूद झाली. १ जुलै २०२२ पासून काही एकल वापराच्या वस्तूंवर देशव्यापी बंदी लागू झाली आणि त्याच वर्षअखेरीपासून पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन ठरली. एवढे कायदे असूनही पातळ पिशवी बाजारातून नाहीशी झालेली नाही. कारण स्पष्ट आहे : दंडाची भीती किरकोळ विक्रेत्याला, आणि पर्यायाचा खर्चही त्यालाच. शेजारच्याने पिशवी दिली आणि आपण दिली नाही तर गिऱ्हाईक जाईल, हा भाजीविक्रेतीचा हिशेब अज्ञानाचा नसून व्यवहाराचा आहे.

पर्यायही अनेकदा फसवे निघतात. कापडासारखी दिसणारी बिनविणीची पिशवी प्रत्यक्षात पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. प्लॅस्टिकचे अस्तर लावलेले कागदी ताट पळसाच्या पत्रावळीसारखे कुजत नाही. ग्राहक हरित निवड केल्याच्या समाधानात असतो आणि उकिरड्यावर फरक पडत नाही. येथे सद्हेतूची वाण नाही. वस्तू कशापासून बनली हे सांगणाऱ्या सोप्या खुणेची आणि स्थानिक पुरवठ्याची वाण आहे. ज्या प्रदेशात कापूस पिकतो, शिंपी आहेत आणि पळस फुलतो, तेथे पिशवी आणि पत्रावळ दूरवरून यावी, हा अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला आव्हान देणारा प्रश्न आहे.

एका आक्षेपाचा विचार

जागरूकतेला असे गौण ठरविणे योग्य आहे काय, असा आक्षेप संभवतो. तो रास्त आहे. प्लॅस्टिकबंदीसारखा कायदा लोकांना मान्य होण्यामागे, पाणी वा घनकचरा यांसाठी नगरपरिषदेकडे मागणी होण्यामागे जाणीव असावीच लागते. परंतु ही जाणीव नागरिकाची आहे, केवळ ग्राहकाची नव्हे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून एकत्रित खरेदीची पद्धत उभारली, ती या संदर्भात मार्गदर्शक आहे. एकटा ग्राहक दुकानदाराला पर्याय मागू शकत नाही. संघटित ग्राहक तो निर्माण करू शकतो. जाणिवेला संघटनेची जोड नसेल, तर तिचे रूपांतर अपराधभावात होते आणि त्या भावनेचाही बाजार मांडला जातो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, पर्यावरणपूरक निवड ही मनात ठरून दुकानात अमलात येणारी गोष्ट नसून किंमत, पाणी, पुरवठा, प्रतिष्ठा आणि कायदा यांच्या संयोगातून घडणारा व्यवहार आहे. ‘जागरूकतेचा अभाव’ हा निष्कर्ष सोपा आहे, निरुपद्रवी मात्र नाही. तो उत्पादक, नगरपरिषद आणि शासन यांना मोकळे सोडतो व ज्याच्या हाती सर्वांत कमी आहे त्याच्यावर दोष ठेवतो.

पुढील अभ्यासांसाठी तीन सूचना कराव्याशा वाटतात. प्रश्नावली भरून घेण्याऐवजी आठवडी बाजारात बसून किती ग्राहक घरून पिशवी आणतात, ती कशाची आहे आणि किती वर्षांची आहे याची नोंद विद्यार्थ्यांकडून ऋतुमानानुसार करून घ्यावी. पत्रावळ आणि कागदी ताट, माठ आणि जार, कूलर आणि वातानुकूलन यंत्र यांच्या स्थानिक किमती व आयुष्य यांचा तौलनिक तक्ता वाणिज्य, रसायनशास्त्र व गृहअर्थशास्त्र या विभागांनी मिळून तयार करावा. तसेच पुनर्वापराच्या जुन्या रीती कोणत्या काळात व का सुटल्या, याची माहिती वयोवृद्ध स्त्रियांकडून संकलित करावी. भाषा व समाजशास्त्र विभागांना येथे मोठे कार्यक्षेत्र आहे. अशा अभ्यासातून कदाचित काय-वर्ग कसोटीचे देखणे कोष्टक मिळणार नाही. परंतु नांदुऱ्यासारख्या गावाच्या नगरपरिषदेला आणि तेथील शिंपी, पत्रावळी करणारे व भाजीविक्रेते यांना उपयोगी पडेल असे काहीतरी हाती लागेल, आणि बहुविद्याशाखीय या शब्दालाही अर्थ येईल.